पणदऱ्याचा सर्व्हर किती एच.पी.चा?

किस्से कसे साठतात, हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही बारामतीत माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जमायचो ते लिनक्स शिकायला. लिनक्स कुणालाच धड आलं नाही, किस्से मात्र पोत्यानं साठले! त्यातले निम्मे बाळूच्या घरचे.

बाळू पणदऱ्याचा. नव्वदीची शेवटची वर्षं होती. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यानं एका जुन्या पीसीवर लिनक्स चढवलं आणि घरच्या सोप्यात सर्व्हर मांडला.

"कशाचा सर्व्हर?" तो बघायला घरी गेलो तेव्हा मी विचारलं.

"ते अजून ठरलं न्हाय, सर. पण तो सारखा चालू ठेवायचा असतो."

"सारखा?" बाळूचे वडील, तात्या, ताडकन उठले. "किती एच.पी.चा हाय?"

* * *

प्रश्न रास्त होता. शेतातल्या मोटारीचं बिल एच.पी.वर यायचं, मोटार चालवा नाहीतर बंद ठेवा, बिल तेच. मी तात्यांना वॅट, युनिट, मीटर असं सगळं समजावलं. बाळूनं भागाकार करून सांगितलं, पाव एच.पी.सुद्धा भरत नाही.

"पाव बी न्हाय?" तात्या म्हणाले. "मग ह्यो काम तरी काय करत आसंल?"



* * *

तात्यांनी मग स्वतःच बंदोबस्त केला. जेवण झालं की रोज स्क्रीनचं बटण दाबायचे आणि सांगायचे, "केला बंद!" खालचा सर्व्हरचा डबा आपला चालूच.

पुढचं बिल खरंच कमी आलं! तात्या खूष. "बघा मास्तर, ह्यो सर्व्हर बंदच बरा!"

सर्व्हर एक मिनिटही बंद नव्हता, वीज खात होता तो स्क्रीन, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण मग कुठून सुरुवात करावी तेच कळेना, म्हणून चहा पिऊन परत आलो.

* * *

थंडीत दही लागेना. काकूंनी, म्हणजे बाळूच्या आईनं, विरजणाचं भांडं त्या उबदार डब्यावर ठेवलं. सकाळी दही असं घट्ट, की सुरीनं कापावं!

आता घरात दोन पक्ष पडले. तात्या म्हणायचे बंद करा, काकू म्हणायच्या हात लावून बघा. आमच्या ग्रुपमध्ये सर्व्हरच्या उपयोगांवर तासन्‌तास चर्चा व्हायच्या. दह्याचा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

* * *

आणि एकदा मात्र सर्व्हरला खरंच काम मिळालं. गावच्या डेअरीनं बाळूला दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम करायला सांगितला. शनिवारी दाखवायचा, पसंत पडला तर नोकरी.

शुक्रवारी कळलं, मशिन ज्या फ्लॉपीवरून सुरू व्हायचं ती काकूंनी हरवू नये म्हणून रेडिओच्या स्पीकरवर ठेवली होती. लोहचुंबकानं फ्लॉपी पार पुसली गेली! नवी करायला गेलो तर फ्लॉपीचा ड्राइव्हच बिघडला.

"सर, आता ह्यो एकदा बंद पडला की सुरूच व्हायचा न्हाय," बाळू रडवेला झाला.

त्यात शनिवारी सकाळी मी पोचलो तर लोडशेडिंग. इन्व्हर्टर होता, त्याला बॅटरी तात्यांच्या ट्रॅक्टरची. आणि तेवढ्यात निरोप आला, ऊस भरून झालाय, ट्रॉली लगेच कारखान्यावर न्या!

ट्रॅक्टर एक, बॅटरी एक; ती काढली की सर्व्हर बंद. बाळू तात्यांकडे बघेना. तात्यांनी डब्याला हात लावून बघितला.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्यो उचलला तर चालतो का?"

आम्ही इन्व्हर्टरसकट सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. एका मडगार्डवर बाळू, मांडीवर चालू सर्व्हर. दुसऱ्यावर मी, मांडीवर स्क्रीन. कारखान्यावरून परस्पर डेअरीत जायचं ठरलं.

वजनकाट्यावर क्लार्कनं हात आडवा केला. "ही पेटी कसली? खाली उतरवा."

"वायर पुरत न्हाय," तात्या म्हणाले.

"मग बंद करा."

"बंद करायचा न्हाय. सर्व्हर हाय."

क्लार्क जवळ आला, वाकून लुकलुकणारा दिवा बघितला. "किती एच.पी.चा हाय?"

तात्यांनी वळून आधी बाळूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाव बी न्हाय," ते म्हणाले. "पर बंद करायचा न्हाय!"