दुसरा ब्रेक

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा एक लौकिक होता. त्यांच्या गाडीतून कुणी रडत उतरलं नव्हतं. बाकीचे शिकवणारे असे खेकसत की शिकणाऱ्याला घाम फुटे. मास्तरांचा आवाज कधी चढला नाही, कारण त्यांचं सगळं काम पाय करत असे.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. हा दाबला की चालवणाऱ्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. शिकणाऱ्याने ब्रेकवर पाय ठेवला की मास्तर आपलाही हळूच टेकवत. गाडी वेळेवर थांबे. "बघा, आलं की नाही?" मास्तर म्हणत, आणि समोरच्याचा चेहरा खुले. आधी जमतंय असं वाटलं की मग खरंच जमतं, हे त्यांचं ठाम मत. ते बहुतेकांच्या बाबतीत खरंही ठरे, कारण दुसऱ्या आठवड्यापासून मास्तर आपला पाय थोडा थोडा काढून घेत.

त्यांच्या धाकट्या बहिणीची गोष्ट वेगळी होती. लहानपणापासून तिने घरात "तुझ्याच्याने व्हायचं नाही" एवढंच ऐकलेलं, आणि नवऱ्याने तर त्यावर कळस चढवला. चाळिशीत तिला घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करायची नोकरी चालून आली. अट एकच, स्वतः गाडी चालवता यायला हवी. पहिल्या दिवशी सिग्नलला गाडी अलगद थांबली तेव्हा ती खुदकन हसली. तिला असं हसताना मास्तरांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या हसण्यापायी त्यांचा पाय मागे यायचं नाव घेईना. उद्या काढू, परवा काढू म्हणता म्हणता महिना उलटला.

परीक्षा रिकाम्या मैदानात, गोगलगायीच्या चालीने झाली. ती पास झाली आणि तिने एक जुनी गाडी घेतली. त्या गाडीला अर्थातच एकच ब्रेक होता.

"चार दिवस मी शेजारी बसतो," मास्तर म्हणाले.

"नको दादा, आता मला जमतं." तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं होतं. मास्तरांनी हट्ट धरला नाही.

तिसऱ्या दिवशी उतारावर ती पुढच्या मालट्रकवर जाऊन आदळली. ट्रकला ओरखडाही आला नाही. तिच्या उजव्या पायाच्या हाडांचा मात्र चुरा झाला, आणि नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

दवाखान्यात मास्तर तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"मी ब्रेक दाबला होता, दादा," ती छताकडे बघत म्हणाली. "रोज दाबायचे तेवढाच. गाडी थांबलीच नाही." मग म्हणाली, "तुझ्यासारखा शिकवणारा मिळूनही मला नाही जमलं. म्हणजे खोट माझ्यातच आहे. सगळे म्हणायचे ते काही चूक नव्हतं."

एका वाक्याचं काम होतं. ते मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगायचं म्हणजे सिग्नलपाशी ती हसली तेही फुकटच होतं, हे सांगणं आलं. ते तिला सोसणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मला विचाराल तर मास्तर घाबरले.

"रस्ता ओला असेल," ते म्हणाले.

"कोरडा होता रे," ती म्हणाली, आणि त्यांचे डोळे भरलेले बघून तिनेच त्यांच्या हातावर थोपटलं.