ज्ञानरथाचं वजन

ग्रंथ माणसाला तारतात — हे वाक्य मी ग्रंथपाल म्हणून भाषणांत किती वेळा वापरलं, मोजलेलं नाही. टाळ्या पडायच्या. ग्रंथांना वजन असतं, एवढं त्यात सांगायचं राहून जायचं. ते आज सांगतो. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझं बहुतेक सगळं न सांगताच कळतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राजारामपुरीतल्या आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना खेड्यापाड्यांत पुस्तकं न्यायची हुक्की आली. कल्पना वाईट नव्हती. वाईट होती ती त्यांची हौस. जीपमागे जोडायचा पत्र्याचा गाडा उद्यमनगरातून बनवून घेतला. आत लोखंडी कपाटं, मागच्या दाराशी प्लास्टरची पुरुषभर उंच सरस्वती, आणि नाव — ज्ञानरथ. रथ म्हटल्यावर वजन कोण विचारतो?

एकानं विचारलं. दस्तगीर, आमचा ड्रायव्हर. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यानं भरलेला गाडा उसाच्या वजनकाट्यावर नेला. पावती आली चौदाशे साठ किलोची. ती घेऊन तो अध्यक्षांपुढे उभा राहिला.

"ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या वढतोय की रे," अध्यक्ष म्हणाले. "ही तर जीप हाय. तुला वाचणाऱ्या माणसांचं वावडं हाय काय?"

दस्तगीर माझ्याकडे आला. "वढंल वो सर, वढायचं काय न्हाय. पर उताराला थांबंल का? गाड्याला सोताचं ब्रेक न्हाईत, आन त्या सरस्वतीबाईनं मागं जड झालंय. जीपच्या पुस्तकात काय लिवलंय, बघा की जरा."

जीपची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. दस्तगीरला इंग्रजी येत नव्हतं. मला येतं, हे मी कधी लपवलं नव्हतं. पान अठ्ठेचाळीस. ब्रेक नसलेला गाडा ओढायचा असेल तर वजन जास्तीत जास्त साडेसातशे किलो. मी ते वाचलं — दोनदा वाचलं. निम्मी पुस्तकं उतरवता आली असती. सरस्वती तर नक्कीच. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे कपाटं उघडून बघणार होते, आणि प्रास्ताविक माझं होतं. त्याआधी मला कुठल्याच व्यासपीठावर कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

"दीड टन," मी म्हणालो.

"मग बसतंय," दस्तगीर म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं, हे त्याला कुणी शिकवलं असेल? आमच्याच भिंतींवर तसल्या पाट्या होत्या.

थांबा, अजून आहे. उद्घाटन जोतिबाच्या डोंगरावर होतं आणि मी जीपमधून जायचं ठरलं होतं, दस्तगीरशेजारी बसून. सकाळी मी अध्यक्षांच्या मोटारीत बसलो. का? गप्पा मारायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. अध्यक्षांशी गप्पा मारायची इच्छा मला त्याआधी कधी झाली नव्हती, त्यानंतरही नाही.

चढताना जीप कण्हत का होईना, पोचली. प्रास्ताविक झालं. ग्रंथ तारतात — टाळ्या. मग उतार. आम्ही मागून येत होतो, त्यामुळे मला सगळं दिसलं. आधी गाडा थोडासा डावीकडे झुलला. मग उजवीकडे, जरा जास्त. मग त्यानंच जीपला वळवलं आणि दोघं चरीत गेली. दस्तगीरचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. सरस्वतीचा चुरा झाला. पुस्तकांना खरचटलंसुद्धा नाही.

चौकशी समिती तिघांची: अध्यक्ष, चिटणीस आणि मी. जीपची पुस्तिका कुठे आहे, असं चिटणिसांनी विचारलं. मी सांगितलं, सापडत नाही. मग ‘चालकानं उतारावर वेगाचं भान ठेवलं नाही’ असा निष्कर्ष निघाला. मराठी नेटकं हवं, म्हणून तो मसुदा मीच लिहिला. दस्तगीरची नोकरी गेली.

पुढे पाच-सहा वर्षांनी माझ्या स्कूटरचं चाक पंक्चर झालं. दुकानात ट्यूब पाण्यात धरून बसलेला माणूस उठताना लंगडला, तेव्हा ओळख पटली. त्यानं चहा मागवला. पाय बरा आहे म्हणाला, पण गाडी पुन्हा हातात धरली नव्हती.

"मालक दोघं-तिघं बोलवाय आलते. मीच न्हाय गेलो. हातातला अंदाज गेला माझा." ट्यूबकडे बघत त्यानं विचारलं, "सर, पुस्तकात दीड टनच हुतं न्हवं?"

आता काय अडलं होतं? अध्यक्ष वारले होते, ज्ञानरथ भंगारात गेला होता, मला व्यासपीठावर खुर्च्या मिळायला लागून जमाना झाला होता. एक शब्द पुरला असता — आणि त्या माणसाला त्याचे हात परत मिळाले असते.

"हो," मी म्हणालो. "दीड टन."

"मग माझंच चुकलं आसंल," तो म्हणाला, आणि चाक बसवायला लागला.

दस्तगीर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी त्यानं शेवटपर्यंत चालवली नाही.

ती पुस्तिका माझ्या कपाटात आहे. वाचनालयाच्या नोंदवहीत तिच्यापुढे ‘गहाळ’ असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.