वरून पडलेली पोळी
गरम पोळी ताटात वरून पडली की थप्पकन आवाज होतो, आणि मला चंदीगडजवळच्या खरडचं पीजी आठवतं. तिथे कॉलेजला असतानाच मला एचआयव्ही असल्याचं कळलं. चंदीगडच्या सेक्टर बत्तीसमधल्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, गोळ्या आणि जेवण, दोन्हींत खाडा नको. पीजीची मालकीण आंटी तर 'कितना सूख गया तू' म्हणत तूप माखलेली रोटी माझ्या हातात कोंबायची. एकदा खोली झाडायला आली आणि तिने गोळ्यांच्या बाटलीवरचं नाव वाचलं. त्या दुपारपासून माझी रोटी वीतभर वरून ताटात पडू लागली. तुपात मात्र तिने हात आखडला नाही, धर्माची बाई. मला घास उतरेना, उपाशीपोटी गोळ्यांनी ढवळायचं, म्हणून गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. तिथेही वाढणाऱ्याने रोटी वरूनच सोडली. मी भडकलो, "फेंक के क्यों देते हो?" शेजारी बसलेले म्हातारे सरदारजी म्हणाले, "पुत्तर, दोनों हाथ आगे कर. यहाँ सबको ऐसे ही मिलती है." पाहिलं तर अख्ख्या पंगतीचे हात पुढे होते. शिक्षण संपेपर्यंत मी तिथेच जेवलो. आता गावी परत आलोय, घरात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. काल वहिनीने पोळी वरून सोडली, तेव्हा सवयीने माझे दोन्ही हात पुढे झाले. ती दचकून मागे सरली आणि म्हणाली, "भावजी, ताट आहे की समोर."