आत्याच्या काचा

माझी आत्या अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचे यजमान जंगल खात्यात होते, आणि लग्नानंतरची पहिली वर्षं दोघं सेमाडोहला सरकारी घरात राहिले. ते दिवसभर जंगलात असायचे, ही घरी एकटी. तिथं तिला पक्षी काढायचा नाद लागला. कागदावर नाही, काचेवर. यजमानांनी कुठल्याशा लिलावातून एक जुना मॅजिक लँटर्न आणला होता, रॉकेलच्या दिव्यावर चालणारा. तळहाताएवढी काच त्यात सरकवली की भिंतीवर चित्र उमटायचं. आत्या पक्षी रंगवायची, आणि यजमान खालच्या कडेला बारीक अक्षरात त्याचं नाव लिहायचे, तो कुठं दिसला तेही. मग रंगावर दुसरी काच ठेवून कडा कागदाच्या पट्टीनं चिकटवायच्या.

ते तापानं गेले तेव्हा आत्या तिशीचीही नव्हती. लँटर्न आणि काचांची पेटी घेऊन ती अकोल्याला आली, शिकली, नोकरीला लागली आणि त्याच काचा वर्गात दाखवू लागली.

साठ सालाच्या पुढेमागे मी अमरावतीला शिक्षिका झाले. आमच्या शाळेला एका गृहस्थांनी विजेवर चालणारा नवा स्लाइड प्रोजेक्टर भेट दिला होता. त्याच्याबरोबर आलेल्या स्लाइड सगळ्या परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांच्या. मुली दोनदा पाहून कंटाळल्या. संमेलन जवळ आलं तेव्हा मोठ्या बाईंनी मला विचारलं, "पाहुण्यांना आपल्या भागातलं काही दाखवता येईल का हो?"

मी लगेच आत्याच्या काचांचं सांगून बसले.

आत्यानं आनंदानं पेटी दिली. अमरावतीला आणून बघते तर एकही काच प्रोजेक्टरच्या खाचेत जाईना. काच मोठी, आणि दोन काचांची मिळून जाडही. फोटो काढून त्यांच्या लहान स्लाइड करता येतील का, हे विचारायला फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, साधा फोटो मी काढून देईन, पण रंगीत हवा असेल तर फिल्म मुंबईला पाठवावी लागेल, आणि ती काही संमेलनाच्या आत परत यायची नाही.

अकोल्याहून लँटर्नच आणायचा, हा सरळ मार्ग होता. पण यंत्र देणारे गृहस्थ स्वतः येणार होते. त्यांच्यासमोर त्यांचं यंत्र झाकून ठेवायचं आणि रॉकेलचा दिवा पेटवायचा, हे मोठ्या बाईंना सांगायला माझी जीभ उचलेना.

आत्या संमेलनासाठी आमच्या घरी आली होती. मी तिला अडचण सांगितली. म्हटलं, "आत्या, थोड्याशा काचा कापून लहान केल्या तर?"

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "कापल्यावर पक्षी राहतो ना मधे?"

"बहुतेक राहतो."

"मग काप. पेटीत ठेवून तरी मी काय करून राहिली?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तसबिरी मढवणाऱ्याच्या दुकानात गेलो. त्यानं वरची काच सोडवली, मापाची पट्टी ठेवली, काच कापायची हिरकणी हातात घेतली आणि थांबला.

"बाई, हे खालचे अक्षरं जातीन ह्याच्यात. कापू काय?"

अक्षरांचा विचार मी केलाच नव्हता. केला नव्हता असं तरी मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. त्या वेळी मी नुसतं "नको" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले नाही.

"कापा," आत्या म्हणाली.

काच कापताना बारीक करकर आवाज येतो. आत्या दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

संमेलनाला हॉल भरला होता. पहिला नवरंग पडद्यावर आला तेव्हा त्याची शेपटी चौकटीबाहेर गेली होती, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा हरियल. मोठ्या बाईंनी मला खूण केली की थोडा वेळ ठेवा, पाहुण्यांना नीट पाहू द्या. मी ठेवला. आणि बघता बघता हरियलाच्या पोटावर फोड आला. हिरवा रंग उकळल्यासारखा हलला, पंख गळ्यात मिसळला. वरची काच काढलेली, आणि तो दिवा किती तापतो याची मला कल्पना नव्हती. मुली हसायला लागल्या. त्यांना ती गंमत वाटली. मी स्लाइड ओढली तेव्हा बोटं भाजली.

आत्या पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही आणि उठलीही नाही. पाहुणे कौतुकाचे दोन शब्द बोलले तेव्हा उभी राहिली, नमस्कार करून पुन्हा बसली.

सकाळी मी एकटीच त्या दुकानात गेले. कापलेल्या पट्ट्या त्यानं फुटक्या काचांच्या टोपलीत टाकल्या होत्या. "काहून शोधता बाई, हात कापीन," तो म्हणाला, आणि मग स्वतःच टोपली उपडी करून माझ्याबरोबर शोधायला बसला. काही पट्ट्या मिळाल्या, काहींचे तुकडे. त्या रुमालात बांधून मी घरी आणल्या. आत्या बॅग भरत होती. मी रुमाल तिच्यापुढे ठेवला आणि रडायला लागले.

तिनं एक पट्टी उजेडात धरली. त्यावर 'सेमाडोह, नदीकाठी' एवढंच उरलं होतं. ती म्हणाली, "मी हो म्हटलं होतं. तुझा दोष नाही." मग पट्टी पुन्हा रुमालात ठेवत म्हणाली, "पण तू विचारायला नको होतं. तू विचारल्यावर मी नाही कशी म्हणणार?"

मी तिला एसटीवर सोडायला गेले. तिनं खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवला, नेहमीसारखा. तो नेहमीसारखा होता हेच मला सोसवलं नाही.

पुढं मी प्रोजेक्टरसाठी कुणाकडे काही मागितलं नाही. वर्षभरानं मोठ्या बाईंना म्हटलं, काचा इकडे येणार नाहीत, आपणच तिकडे जाऊ. त्यांनी परवानगी दिली. माझ्या वर्गातल्या मुली घेऊन मी अकोल्याला गेले. आत्यानं वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, लँटर्न पेटवला आणि न कापलेल्या काचा एकेक करून दाखवल्या. शेवटी तिनं कापलेल्यांपैकीही एक, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून, लावली.

एका मुलीनं विचारलं, "बाई, याच्या खाली नाव काहून नाही?"

मी मागच्या बाकावर बसले होते. आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "याचं नाव तांबट," ती म्हणाली, "आणि हा आमच्या अंगणातल्या उंबरावर यायचा," आणि मुलींना त्याची हाक काढून दाखवू लागली.