सिरियस, एक्स्पायर्ड, स्टार्ट

ऐका हो ऐका! समस्त लहानथोरांस जाहीर करण्यात येते की, सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या गावात इंग्रजी भाषेचे एकंदर चार शब्द राहत होते आणि चौघांच्याही तोंडाला मसणाचा वास होता. सिरियस. एक्स्पायर्ड. स्टार्ट. इमिजिएटली. जाहीरनामा समाप्त. दवंडीचं काम पिढ्यानपिढ्या आमच्याच घराकडं होतं, म्हणून एवढी ऐट.

गाव पिंगळी स्टेशनापासून दोन कोसांवर. तारवाला सायकलवर यायचा, देशमुखांच्या ओट्यावर तार ठेवायचा, सही घ्यायचा आणि मागं न बघता पळायचा. तार तशीच पडून राहायची. देशमुखांच्या घरातलं कुणी तिला शिवायचं नाही. मरणाची असली तर? आतल्या बायका मात्र थांबत नसत. त्या आधी रडून घेत, अर्थ मागाहून.

अर्थ सांगायला मी. बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक, परभणीच्या कॉलेजात जाणारा.

पहिल्यांदा बोलावलं तो दिवस आजही डोळ्यांसमोर आहे. देशमुख ओट्यावर. मी खाली, चपला हातात. त्यांनी काठीच्या टोकानं तार ढकलली. ती माझ्या पायापाशी शेणात पडली.

"उचल. वाच. तिथूनच."

मी शेण पुसलं, तार फोडली, वाचली. नागपूरच्या लेकीला मुलगा झाला होता. आतलं रडणं खाडकन थांबलं. देशमुख हसले. मला म्हणाले, "ठेव पायरीवर." मी ठेवली. त्यांनी तांब्यातलं पाणी तारेवर शिंपडलं, मग उचलून देवघरात नेली. पाणी कशासाठी? मरण तर त्यात नव्हतं. मी शिवलो होतो.

आणि मी? मी खूष. हसू नका, खरं सांगतोय. एवढे मोठे देशमुख, पण इंग्रजीसाठी माझ्यावर अडलेले! माझ्याकडं एक वही होती. कॉलेजातल्या मास्तरांनी दिलेली बिनपुठ्ठ्याची डिक्शनरी होती. वहीत तीन रकाने : शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. 'सिरियस'चा अर्थ डिक्शनरीत 'गंभीर'. आमच्या गावात त्याचा उपयोग निराळा : मरणाला टेकलेला. म्हैस सिरियस व्हायची, मोटेचा बैल सिरियस व्हायचा. एकदा वर्गात मास्तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ही इज अ सिरियस स्टुडंट," तर पेडगावकडचा एक दोस्त घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघायलाय! तारेतलं 'स्टार्ट' म्हणजे मयताला निघून या; म्हणून डिझेल इंजिन 'स्टार्ट' झालं म्हटलं की शेजारची म्हातारी छातीवर हात ठेवायची. "कोण गेलं रे बाबा?"

दुसरी तार आली ती एक्स्पायर्डची. देशमुखांची मावशी. मी वाचलं, अर्थ सांगितला. वाटलं, झालं काम.

"आता पेडगावला जा. तिच्या लेकीला सांगून ये."

मढं, म्हणजे मेल्याची खबर, माणसानं जाऊन सांगायची, ही रीत. आणि ती कुणी सांगायची, तीही रीतच. मी गेलो. का गेलो? मला वाटलं, मी तार समजावून सांगायला चाललोय. पेडगावात दारापासून लांब उभा राहिलो आणि ऐटीत म्हणालो, "बाई, तुमची माय एक्स्पायर झाली."

ती बाई कोसळली. तिच्या सासूनं चुलीतली मूठभर राख आणली आणि माझ्या तोंडावर फेकली. सांगणाऱ्यावर राख फेकली की मरण त्याच्यासंगं परत जातं म्हणे. डोळे जळायला लागले. पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. मढं सांगणाऱ्यानं त्या गावचं पाणी पिऊ नये, हीसुद्धा रीत.

घरी आलो तेव्हा भुवयांत राख होती. आबा, म्हणजे माझे वडील, दारात बसले होते. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी आबांनी मढं सांगायला न्यायची काठी मोडून चुलीत घातली होती. त्यांनी राख बघितली. लगेच ओळखली.

"कुठं गेल्तास?"

"पेडगावला. तार होती, आबा. इंग्रजी."

"इंग्रजी येतं म्हणून धाडलं, का म्हार म्हणून धाडलं?"

 ह्याचं उत्तर अख्ख्या डिक्शनरीत नव्हतं. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग ती सकाळ आली. माझा वार्षिक परीक्षेचा इंग्रजीचा पेपर. चुकला तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की मी रोजंदारीवर, हे घरात ठरलेलं. पिंगळीची गाडी धरायला निघालो, तर वेशीत देशमुखांचे दोन गडी उभे. एकानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.  चालायला लागला.

ओट्याखाली उभा केला. आतून रडणं सुरूच होतं. मी तार फोडली. हैदराबादेत देशमुखांचा धाकटा भाऊ गेला होता. एक्स्पायर्ड. स्टार्ट इमिजिएटली. मी नीट, हळू आवाजात सांगितलं. माणूस मेला होता. मी दगड नव्हतो. देशमुख मटकन खाली बसले. डोळे पुसले. मग म्हणाले,

"गंगाखेडला जा. ताईला सांग."

गंगाखेड एका दिशेला, परभणी दुसऱ्या.

"मालक, आज माझा पेपर हाय."

"घरात मढं पडलंय अन् तुला पेपर सुचायलाय?"

"वाचून दिलं की."

देशमुख उठले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या आज्यानं सांगितलं. त्याच्या बापानं सांगितलं. तुझा आबा रोज अंधारात आमच्या विहिरीवरून जातो ना? एकलाच जातो. लय निसरडं हाय तिथं."

 एक गडी माझ्या मागं सरकला. पिशवी दुसऱ्याच्या हातात, पिशवीत वही. लांब पिंगळीकडं गाडीची शिट्टी झाली.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, शेवटाला लटकवत नाही. पिशवी मिळाली नाही. मी तसाच पळालो, पुढची गाडी धरली, अर्धा तास उशिरा, उसन्या पेनानं पेपर लिहिला. पास झालो. विहिरीवरची वाट आम्हाला बंद झाली. आबांना कोसभर वळसा पडला, आणि आम्ही दोघं मिळून तो वळसा चाललो. देशमुखांनी आबांकडं दोनदा माणूस धाडला, पोरानं येऊन पाया पडावं म्हणून. गेलो नाही. आजही जाणार नाही. तार आणा, पत्र आणा, कोर्टाचा कागद आणा; शेजारी बसवाल तर वाचून देईन. खाली उभं राहून एक अक्षर वाचणार नाही, आणि मेलेल्याची खबर घेऊन कुणाच्या दारात जाणार नाही.

पण त्या सकाळी एवढं सगळं सुचलं नव्हतं.  मागच्या गड्याचा श्वास मानेला लागत होता. तार मी ओट्यावर ठेवली, पायरीवर नाही, वर, देशमुखांच्या पायाशी. आणि तोंडातून निघून गेलं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं :

"तुमचं मढं तुमी सांगा!"