दामूबाबच्या लाल गाडीचे टायर

टायरच्या दुकानात किस्से का साठतात, त्याचं कारण साधं आहे. चाकं काढून ठेवलेली गाडी सोडून माणूस जाणार कुठे? तो बसतो. बसला की चहा मागवावा लागतो आणि चहा आला की तोंड सुटतं. गोव्यात, डिचोलीत बसस्टँडच्या अलीकडे माझी टायरची शेड आहे. तिथे गाडी एकदा जॅकवर चढली की घरातली भांडणंसुद्धा बाहेर येतात. मी तोंडाचा फटकळ, तरी लोक मलाच सांगतात!

पण सगळ्यात जास्त किस्से जमले ते एकाच गाडीचे. आमच्या दामूबाबच्या. पूर्वी मी ते हसून हसून सांगायचो. आता सांगताना तसं हसू येत नाही.

*

दामू आमोण्याचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. ट्रकमालक झाल्यावर सगळे त्याला 'बाब' लावू लागले, तसा मीही लावू लागलो. मायनिंग जोरात होतं तेव्हा त्याचे टिपर खाणीवरून आमोण्याच्या जेटीवर खनिज टाकायचे. एक दिवस हा गृहस्थ मुंबईच्या कुणा बिल्डरकडून सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन आला. दोन दारं, दोन सीट, पोट रस्त्याला टेकायला आलेलं. अख्खा डिचोली बाजार बघायला जमला.

रंग लालभडक. मी म्हटलं, "अरे, या वयात लाल कशाला? काळी घ्यायची होतीस."

तो बोनेटवरून बोट फिरवून म्हणाला, "लाल बरी. खनिजाची तांबडी धूळ बसली तरी कळची ना."

ट्रकवाल्याचं डोकं! स्पोर्ट्स कार घेताना वेग बघितला नाही, इंजिन बघितलं नाही. धूळ कशी लपेल ते बघितलं.

*

गाडी आली, पण चालवायची कुठे? आमच्या रस्त्यांवरून तेव्हा टिपरांची रांग लागलेली असायची. रस्त्यावर खड्डे आणि सांडलेलं खनिज. त्या गाडीचे टायर पातळ, एका खड्ड्यात फुगा यायचा. त्यामुळे दामूबाब ती फक्त रविवारी काढायचा. रविवारी खाणी बंद. सकाळी लवकर, पाववाला पोदेर उंडे घेऊन दारात यायच्या आत, एकटाच पर्वरीपर्यंत जाऊन यायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा रोहन. गाडीवर त्याचा एवढा जीव की शाळेतून आला की दप्तर टाकून तो आधी फडकं हातात घ्यायचा. वर्गातल्या सगळ्या पोरांना त्याने सांगून ठेवलं होतं की आपण एकदा गाडीतून शाळेत येणार. बापाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "टायर जातील रे. रस्ता होऊ दे." आणि रविवारी रोहन उठायच्या आत गाडी फिरून घरच्या शेडमध्ये परत आलेली असायची. गाडीचं बोनेट अजून गरम असायचं, आणि पोरगा त्यावर हात ठेवून उभा राहायचा. मी स्वतः बघितलंय. तेव्हा आम्हाला हसू यायचं. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

रस्ता काही झाला नाही. रोहन दहावीपर्यंत शाळेच्या बसनेच गेला.

*

मग मायनिंग बंद पडलं. आज सुरू होईल, दसऱ्यानंतर सुरू होईल, असं करत ट्रक अंगणात उभ्या-उभ्या गंजले. दामूबाबने एकेक करून सगळे काढून टाकले. त्याचा जुना ड्रायव्हर गुरुनाथ हा दोडामार्गचा. त्याने टॅक्सी घेतली आणि मोपाचा विमानतळ झाल्यावर तिथे धंदा लावला. रोहन आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदपत्रांवर पोर्तुगालचा पासपोर्ट करून इंग्लंडला गेला. आमच्याकडे निम्म्या घरांतून कुणी ना कुणी तसं गेलेलं आहे.

लाल गाडी तेवढी दामूबाबने विकली नाही. गिऱ्हाईकं आली होती. वहिनीही मागे लागली होती की, शेड मोकळी होईल, भात ठेवता येईल. हा ऐकेना.

शेवटी एक दिवस माझ्याकडे लाकडी कदेलीवर बसून बोलला. रोहन घरी येईल तेव्हा त्याला मोपावरून या गाडीतून आणायचा. दुसरं काही नको. तिथेच चहा पीत बसलेला गुरुनाथ हसून म्हणाला, "बाब, मी रोजच थंय असतंय, माझ्या टॅक्सीतून हाडतंय तेका." दामूबाब त्याच्याकडे असा बघत राहिला की गुरुनाथने चहाचा कप खाली ठेवला.

गाडीचे टायर तोवर उभ्या-उभ्या संपले होते. बाजूने चिरा, एका जागी चपटे. मोपा सोडाच, डिचोलीपर्यंत आले तरी पुष्कळ झालं. म्हणून सुरू झाला टायरचा शोध, तोही डिस्काउंटमध्ये. नवे पूर्ण भावाने घ्यायची त्याची आता ऐपत नव्हती.

*

पहिल्यांदा तो गुरुनाथला घेऊन पर्वरीच्या एका मोठ्या दुकानात गेला. तिथे टाय लावलेला सेल्समन. हाय परफॉर्मन्स, ओल्या रस्त्यावरची ग्रिप, कॉर्नरिंग, सगळं त्याने सांगितलं. दामूबाबने अंगठ्याचं नख रबरात रुतवलं.

"हा मऊ आहे."

सेल्समन खूश. म्हणाला, सॉफ्ट कंपाउंड आहे सर, म्हणूनच रस्त्याला धरून राहतो.

"म्हणजे लवकर झिजणार?"

थोडा लवकर झिजतो, हे त्याने कबूल केलं.

"बरं. रिसोल किती वेळा होतो?"

ट्रकचा टायर झिजला की त्यावर नवी पट्टी चढवतात, त्याला आम्ही रिसोल म्हणतो. चांगला टायर दोनदा-तीनदा होतो. सेल्समनला बिचाऱ्याला शब्दच ठाऊक नव्हता. समजावून सांगितल्यावर तो म्हणाला की, या टायरला तसं काही करत नाहीत.

"मग परफॉर्मन्स कसला मरे?" म्हणून दामूबाब बाहेर पडला. गुरुनाथने ही गोष्ट माझ्याकडे बसून किती वेळा सांगितली असेल!

*

मग चतुर्थीच्या सुमारास मोबाइलवर सेल लागला. मला न सांगता, मला चकित करायचं म्हणून, त्याने पुढच्या चाकावरचा नंबर उतरवून घेतला आणि चार टायर मागवले. पिकअपमधून माझ्या दारात आणून उतरवले. चेहरा असा, जणू लग्न जमवून आलाय.

मी टेप लावली आणि डोक्याला हात लावला. या गाडीचे मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद. चारी एकाच मापाचे चालतच नाहीत.

"टायर म्हणजे टायर," तो म्हणाला. "माझ्या टिपरच्या दहाही चाकांना एकच साइज होता. कधी अडलं?"

डिस्काउंटचा माल परत घेत नाहीत. दोन टायर कामाचे, दोन फुकट गेले. मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो ऐकून घेत होता, आणि मान खाली घालून त्या दोन टायरांवरची धूळ पुसत होता. मग मी टेप गुंडाळून ठेवली.

*

मागच्या टायरांचं रामायण तर वेगळंच. डिस्काउंटमध्ये पहिली जोडी सापडली ती जुन्या स्टॉकची. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते. मी आकडे वाचून सांगितलं की, हे गोदामात पडून म्हातारे झालेत, हात लावू नकोस.

दामूबाब चिडला. "वापरलोच नाय तर जुनो कसो जातलो?"

"रबर आहे ते. नुसतं ठेवलं तरी सुकतं."

"तुला नसतं खुसपट काढायची सवयच आहे," म्हणाला आणि निघून गेला. बरेच दिवस माझ्या दुकानावरून जायचा, पण मान वळवायचा नाही. मग एक दिवस नवी जोडी घेऊन आला, माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "आकडे वाच." ताजी होती. मी पास केली आणि दोघांनी मिळून भाजी-पाव खाल्ला.

आता घाल म्हटलं, तर घालेना! मायनिंगच्या दिवसांत ट्रकवाले टायर आधीच घेऊन ठेवायचे. दसऱ्याला पूजा झाली, सीझन सुरू झाला, की चढवायचे. तीच याची रीत. म्हणाला, "रोहन येतो तेव्हा घालूया. आताच धुळीत कशाला झिजवायचे?" चारी टायर घरी नेऊन गोणपाटात गुंडाळून आतल्या खोलीत, जनेलातून येणाऱ्या उन्हापासून लांब ठेवले. वहिनीने भाताचं पिंप व्हरांड्यात काढलं.

व्हिडिओ कॉलवर तो रोहनला गोणपाट उघडून टायर दाखवायचा. रोहन म्हणायचा, बाबा, घालून फिरा ना तुम्ही. हा म्हणायचा, तू ये मग.

रोहन यायचा तो काही येईना. एकदा रजा मिळाली नाही. मग तिथेच लग्न केलं. मग मुलगी झाली, ती लहान म्हणून थांबले. दर वेळी दामूबाब माझ्याकडे येऊन तारीख सांगायचा आणि नंतर येऊन तारीख पुढे गेल्याचं सांगायचा. मी आपला चहा मागवायचो. एका माणसाला एक साधी गोष्ट हवी असावी आणि तीही मिळू नये, याचं मला फार वाईट वाटायचं. आजही वाटतं.

*

गेल्या हिवाळ्यात मात्र रोहन खरंच आला.

त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी दामूबाब हजर; गाडी जुन्या टायरांवर हळूहळू आणलेली, नवे टायर मागून पिकअपमध्ये. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. टायर मी स्वतः चढवले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं. रबर अजून चांगलं होतं. तो गाडीभोवती दोनदा फिरला, बसला, आणि अस्नोड्याच्या रस्त्याने मोपाला गेला. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू!

दुपारी मी रस्त्यावरच उभा होतो. लाल गाडी दिसेल म्हणून बघतोय, तर आधी आली गुरुनाथची टॅक्सी, टपावर बॅगा बांधलेली. मागोमाग लाल गाडी. दामूबाबच्या शेजारची सीट रिकामी.

एवढी वर्षं आम्ही तिघं टायरचा विचार करत होतो. रोहनचं लग्न झालं, मुलगी झाली, तिचे फोटो आम्ही बघितले, पेढे खाल्ले. पण गाडीला सीट दोन आणि येणारी माणसं तीन, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. पोरगी आजोबांना पहिल्यांदाच बघत होती. ती रोहनची मान सोडेना, आणि आईकडेही जाईना. गुरुनाथ म्हणाला की, विमानतळावर दामूबाबनेच टॅक्सीचं दार उघडून रोहनला आत बसवलं.

टॅक्सी माझ्या दुकानासमोर थांबली. रोहन काच खाली करून, मुलीला मांडीवर तशीच धरून म्हणाला, "उल्हासकाका, बाबांना पुढे व्हायला सांगा ना. मोपापासून सांगतोय, ते मागेच राहतात. ती गाडी रस्त्यावर धावताना मी कधी बघितलीच नाही."

मी मागे गेलो. गाडी एवढी बुटकी की कमरेत वाकावं लागलं. इंजिन चालू होतं. दामूबाब दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून टॅक्सीच्या मागच्या काचेकडे बघत होता. मी त्याला सांगितलं, रोहन म्हणतोय तू पुढे हो.

त्याने नजर हलवली नाही.

"फुडें गेलों तर तो माका दिसचो ना मरे."