निळ्या कार्डाचा मालक

२००६ साली, गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता आमच्या गल्लीतल्या चप्पल कारागिराला बँकेतल्या साहेबानं "मामा, हे तुमच्यासाठी नाही" म्हणून परत पाठवलं. गुन्हा एवढाच, की त्यानं विमानप्रवासाचे पॉइंट देणारी भारीतली क्रेडिट कार्डं बघायला मागितली. हा माणूस वर्षातून चारदा प्रदर्शनासाठी विमानानं दिल्लीला जातो. साहेबाला दिसली ती फक्त त्याची काळी नखं.

मंगळवारी मी साहेबाला सुनवायचं भाषण तयार करून त्याच्यासोबत बँकेत गेलो. "थांब की," म्हणत त्यानं मला गप्प केलं. बोलण्याआधी तो नेहमी असंच सगळ्यांना थांबवतो. "सायेब, सोनेरी अन् निळ्या, दोन्ही कार्डांची पत्रकं ठेवा हितं."

सोनेरी कार्डाचं पत्रक त्यानं आधी उलटं केलं. चप्पलही तो तळाकडूनच बघतो. मागची बारीक अक्षरं बोट ठेवून मोठ्यानं वाचली: पॉइंटांवर तिकीट फक्त कार्डधारकालाच.

"चपलंवरची वेणी घालती माझी बायकू, अन् दिल्ली मी एकट्यानंच बघायची व्हय?"

निळ्या कार्डावर विमानतळाच्या लाउंजात बसायची सोय नव्हती, पण घरच्यांनाही तिकीट मिळत होतं.

"ह्येच द्या. लाउंजात काय चपला इकायच्यात?"

रांग खो खो हसली. अर्ज साहेबानं स्वतःच्या हातानं भरला.

पुढच्या वर्षी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, विमानानं दिल्लीच्या प्रदर्शनाला गेल्या आणि गिऱ्हाइकांच्या गराड्यात बसून त्यांनी चपलांवर वेणी घातली.

तुमचे हात बघून कुणी पत्रक दडवलं, तर मुकाट घरी येऊ नका. तिथंच बसा आणि मागून घ्या!